मुलीला टाइप वन आहे. नोकरी कोणी सोडायची?

पारिजात_७

नमस्कार. सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिला सारखी तहान लागायला लागली. रात्री तीन-चारदा उठायची, कधी अंथरूण ओलं. आम्हाला वाटलं नवी शाळा, नव्या बाई, म्हणून होत असेल. वजन उतरलं तर सासूबाई म्हणाल्या उंची वाढतेय. मग एका रविवारी उलट्या आणि धापा. दवाखान्यात शुगर ५१२ निघाली, चार दिवस आयसीयू. टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीर इन्शुलिन बनवतच नाही, बाहेरून द्यावं लागतं. आता दिवसाला चार वेळा इन्शुलिन आणि सहा-सात वेळा बोट टोचणं. आजार जाणार नाही हे कळलंय आणि पचलंयही, असं दिवसा वाटतं.

आता मूळ मुद्दा. मी आयटीत, हिंजवडीला. नवरा चाकणला एका कारखान्यात, पाळीची नोकरी. पगार माझा जास्त आहे. आजवर मी घरून काम करत होते आणि रोज १२:१० ला शाळेत जाऊन डब्याआधीचं इंजेक्शन देऊन येत होते. शाळा म्हणते आम्ही टोचणार नाही, जबाबदारी घेणार नाही. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जाणं सक्तीचं झालंय. सिंहगड रोड ते हिंजवडी म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको.

घरात सगळ्यांचं मत, मी सोडावी. नवरा "तू म्हणशील तसं" म्हणतो. ह्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

ज्यांच्या घरात मुलाचं असं कायमचं दुखणं आहे त्यांनी काय केलं? कोणी सोडली? सोडून बरं वाटलं का?

चहाबाज

अनुभव नाही, पण धागा वाचला आणि गप्प बसवेना. लेकीला गोड पापा. (गोड चालतो ना? माफ करा, वाईट विनोद.)

पारिजात_७

@चहाबाज, चालतो. पाप्याला इन्शुलिन लागत नाही :)

अडाणी_इंजिनियर

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. एवढ्या लहान मुलाच्या आजारात एकानं पूर्णवेळ घरी असलंच पाहिजे. पैसा पुन्हा मिळतो, मुलाचं आरोग्य नाही. आणि ते एक म्हणजे निसर्गतः आईच. दहा वर्षांनी मुलगी स्वतः टोचून घेईल, तेव्हा करा पुन्हा नोकरी. आमच्या बहिणीनं असंच केलं.

दुपारची_झोप

निसर्गतः? सुई स्त्रीलिंगी आहे म्हणून का? मग इन्शुलिन नपुंसकलिंगी आहे, ते सोसायटीच्या सेक्रेटरीला द्यायला लावू.

आणि दहा वर्षांनी आयटीत "करा पुन्हा नोकरी"? तुमच्या बहिणीला मिळाली का? खरंच विचारतेय, टोमणा नाही.

अडाणी_इंजिनियर

नाही. शिकवण्या घेते. समाधानी आहे.

मास्तर_सांगोला

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात रक्त नीट बनत नाही. आता तेरा वर्षांचा आहे. आठव्या महिन्यात कळलं, म्हणजे आमची बारा वर्षं ह्यात गेली. दर वीस-बावीस दिवसांनी रक्त चढवायचं. आदल्या दिवशी नमुना द्यायचा, क्रॉसमॅच (रक्ताची जुळवणी) झालं की दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी. दोन पिशव्या चढून घरी यायला रात्रीचे नऊ. महिन्याला दोन दिवस धरले तर वर्षाला चोवीस. माझ्या किरकोळ रजा वर्षाला बारा. हे गणित कुठल्याही पाढ्यात बसत नाही.

बायकोही माझ्यासारखीच जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिला १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली, २०१८ ला राज्यानं सुरू केलेली. संपूर्ण नोकरीत १८०, तीही मूल अठराचं होईपर्यंत. आमच्या त्या पाच वर्षांत संपल्या. मी अर्ज करायला गेलो तर कळलं, पुरुषाला ही रजा बायको हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तरच. तालुक्याचे साहेब भले माणूस. म्हणाले, "मास्तर, देवाच्या कृपेनं तुम्ही अपात्र आहात." दोघंही हसलो. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

एक गोष्ट मात्र कामी आली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे तिन्ही आजार आहेत. मुलाचं प्रमाणपत्र काढलं, त्यावर बदलीत संवर्ग एक (प्राधान्याचा गट) मिळाला, नाहीतर डोंगरकपारीत कुठंतरी असतो. टाइप वन त्या यादीत नाही, हे ताईंनी लक्षात ठेवावं. आजारांची तुलना करू नये हे खरं, पण सरकार करतं.

मे महिन्यात आमच्या पोटात गोळा येतो. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्तपेढ्या कोरड्या. मागच्या उन्हाळ्यात मुलाचं हिमोग्लोबिन सहावर आलं तेव्हा मी सातवीच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. अकरा पोरं आली. त्यातल्या एकाला मी कधीकाळी पट्टीनं मारलेलं.

नोकरी कोणी सोडली हा तुमचा प्रश्न. आम्ही दोघांनीही नाही. पण मी केंद्रप्रमुखाच्या परीक्षेला बसलो नाही आणि बायकोनं बी.एड. अर्धं सोडलं. नोकरी न सोडताही बरंच सुटतं ताई, त्याचा राजीनामा कुठं द्यावा लागत नाही इतकंच.

रानवारा

मास्तर, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

चहाबाज

@मास्तर, रक्तगट बी पॉझिटिव्ह. सोलापूरला असतो. मेमध्ये हाक मारा. विनोद नाही.

म्युनिकची_मावशी

आमच्याकडचं सांगते. माझ्या मुलाला दम्याचा मोठा त्रास आहे, वर्षातून दोनदा तरी भरती. जर्मनीत सरकारी विमा असलेल्या प्रत्येक पालकाला मूल आजारी असताना पगारी सुट्टी मिळते. २०२४ आणि २०२५ साठी ती प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला १५ दिवस, एकट्या पालकाला ३० अशी ठरली होती. मूल बाराच्या आत हवं, दिव्यांग असेल तर वयाची अट नाही. पैसे विमा देतो, साधारण निव्वळ पगाराच्या ९० टक्के. मुख्य म्हणजे आईचे १५ आणि बापाचे १५ वेगळे. त्यामुळे नवऱ्याला "तू म्हणशील तसं" म्हणायची सोयच राहत नाही, त्याचे दिवस वाया जातात.

उनाड_वासरू

झालं सुरू. परदेशी धाग्यावर उतरले की इथला रस्ता, रजा आणि हवा सगळं वाईट. मावशी, तिकडे अपॉइंटमेंट किती महिन्यांनी मिळते तेही लिहा.

म्युनिकची_मावशी

स्पेशालिस्टची? चार महिने. खोटं कशाला बोलू. आणि सुट्टी मिळाली तरी बढती मिळाली असं समजू नका. माझी टीम माझ्या मागे माझ्याशिवाय प्लॅनिंग करते, अतिशय नम्रपणे.

एकटी_सडाफटिंग

मनुष्यबळ विभागात अठरा वर्षं आहे. थोडी कडू गोळी.

पहिलं, मॅनेजरला "मुलगी आजारी असते, थोडं सांभाळून घ्या" असं सांगू नका. "सांभाळून घेणं" म्हणजे प्रत्येक वेळी नव्यानं मेहेरबानी. नेमकं मागा, लेखी मागा. "मंगळवार आणि गुरुवार ऑफिसला येते, बाकी घरून. रोज १२ ते १ माझं कॅलेंडर बंद, त्या बदल्यात संध्याकाळी एक तास." सोबत डॉक्टरांचं पत्र. नेमक्या मागणीला नाही म्हणताना समोरच्याला कारण द्यावं लागतं. मोघम मागणी नुसती मान हलवून उडवता येते.

दुसरं, खरं सांगते. मोठा क्लायंट कोणाला द्यायचा ह्या चर्चेत "तिच्या घरी प्रॉब्लेम आहे, तिला कशाला ताण" हे वाक्य मी ऐकलंय. एकदा मीच म्हटलंय. त्या मुलीला कोणी विचारलंसुद्धा नाही. तिला त्या वर्षी "अपेक्षेप्रमाणे" शेरा मिळाला आणि ती मलाच थँक यू म्हणून गेली. त्यामुळे तुम्हाला काय झेपतं ते तुम्हीच बोला, दुसऱ्याला दया करू देऊ नका.

विमावाला_नाही

सोडण्याआधी एक कागद बघा: ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीनं काढलेला आरोग्य विमा. बहुतेक कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यायला गेलात तर मुलीला आधीचा आजार म्हणून थांबायला लावतात. ही मर्यादा २०२४ पासून चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली आहे. पॉलिसी देतीलच ह्याचीही खात्री नाही. नवऱ्याच्या कंपनीचं कव्हर किती, त्यात मुलगी आहे का, हे आजच विचारा. घरखर्चाचं गणित मांडताना लोक पगार धरतात, हे धरत नाहीत.

पारिजात_७

@विमावाला, त्याच्याकडे दोन लाख, माझ्याकडे सात. आयसीयूचं बिल माझ्यातूनच गेलं. हे मला सुचलंच नव्हतं. पट्ट्या, सुया, सेन्सर मात्र कशातच बसत नाही. सेन्सर, म्हणजे अंगावर चिकटवायचा, न टोचता शुगर दाखवणारा, चौदा दिवसांचा, जवळपास पाच हजारांचा. महिन्याला दोन परवडत नाहीत म्हणून परीक्षा, सहल किंवा ताप असला की लावतो.

@एकटी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय.

वैनगंगा

मी वैद्यकीय समाजसेविका, गडचिरोली-भंडारा भागात काम केलंय. आमच्याकडे सिकलसेल. पोराला थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला की हाडं फोडून काढणारं दुखणं उठतं आणि पोर चार-पाच दिवस वॉर्डात. ते नेमकं कधी उठतं? जुलै-ऑगस्टच्या रोवणीत. बाईची वर्षाची खरी मजुरी त्याच पंधरा-वीस दिवसांत असते, चिखलात उभं राहून. पोर भरती झालं की रोवणी गेली. तिला "नोकरी सोडू का" असा धागा काढता येत नाही. न गेलेल्या दिवसाचा रोज कापला, एवढंच.

एक माय मला म्हणाली होती, "मॅडम, पोराचं दुखणं वावर पाहूनच येते." हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. पण रजा हा शब्द वारंवार येतोय म्हणून लिहिलं.

अडाणी_इंजिनियर

@वैनगंगा, असं म्हटलं की मग कोणी काही बोलायचंच नाही का? सगळ्या मध्यमवर्गीय प्रश्नांवर हा उतारा असतो.

वैनगंगा

बोला की. मी पण वाचतेय. शाळेत दुपारचं इंजेक्शन कोण देणार हा प्रश्न मला अजिबात छोटा वाटत नाही.

पोळपाट_लाटणं

अवांतर: गणपतीत लाइट गेले तर इन्शुलिनचं काय करता? भाच्याला नुकतंच निदान झालंय. गावी फ्रिज भरवशाचा नाही.

रानवारा

माठात. खरंच. मोठ्या माठात वाळू घालून ती ओली ठेवायची, त्यात छोटं मडकं, मडक्यात बंद डबीत इन्शुलिन, वर ओलं फडकं. सावलीत. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंशांतच हवा, तो भरवशाच्या फ्रिजमध्ये. वापरात असलेलं इन्शुलिनचं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात नाही आणि गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही. फ्रीझरमध्ये कधीही नको, एकदा गोठलं की टाकून द्यायचं. पक्कं डॉक्टरांना विचारा.

पोळपाट_लाटणं

धन्यवाद. आणि पुरणपोळी?

दुपारची_झोप

पोळपाट, तुमचं आयडी तुम्हाला भोवतंय :) त्यासाठी वेगळा धागा काढा.

रात्रपाळी

बाप बोलतोय. मुलगा नऊचा, टाइप वनला चार वर्षं झाली. निदान झालं तेव्हा मी विक्रीत होतो, महिन्याचे पंधरा दिवस फिरती. बायकोनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "सुई मी शिकलेय, तुलाही यायला हवी." मी संत्र्यावर शिकलो. खऱ्या पोटावर टोचताना हात लटपटला, पोरगा म्हणाला, "बाबा, डोळे मिटू नका."

फिरती सोडून गोदामाचं काम घेतलं, पगार तीस टक्के कमी. आता रात्री अकरा ते सात. लोक विचारतात झोप कशी होते. टाइप वनच्या घरात रात्री दोनला कोणीतरी जागंच असतं, मग त्याचे पैसे तरी मिळू देत. घरी बायको दोनला शुगर बघते आणि मला नुसता आकडा पाठवते. ११२. ९४. कधी ५८. ५८ आला, म्हणजे साखर फार उतरली, की मी गोदामात बसून पंधरा मिनिटं घड्याळ बघतो. तिनं तीन चमचे साखरेचं पाणी दिलं असणार, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचणार. त्या पंधरा मिनिटांत मी दोनदा चुकीचा माल चढवलाय. मेमो मिळाला.

वहिनी, रजा हा अर्धाच प्रश्न. तुम्ही कामावर असता तेव्हाही अर्ध्याच असता. हे कुठल्या अर्जात लिहितात?

आणि नवऱ्याला "तू म्हणशील तसं" म्हणायची मुभा देऊ नका. त्याला एकदा दोन दिवस एकट्याला सोडा मुलीबरोबर. मीही तेच म्हणायचो. मुभा होती म्हणून म्हणायचो.

मास्तर_सांगोला

रात्रपाळी, रामराम घ्या.

जुनं_खोड_टाइपवन

उशिरा आलो. इतका वेळ आईबाप बोलले, जरा मूलही बोलू दे. मी एकेचाळीसचा. दहाव्या वर्षी निदान, १९९० चं दशक, काचेची नाही तरी जाड सुयांची सिरिंज, ना पेन ना सेन्सर. आई पोस्टात होती. तिनं नोकरी सोडली.

तिनं मला कधी ऐकवलं नाही. एकदाही नाही. पण दिवाळीला पोस्टातल्या मैत्रिणी यायच्या. कोण पोस्टमास्तर झाली, कोणाला थकबाकी मिळाली. आई चिवडा वाढता वाढता खूप मोठ्यानं हसायची. मी आतल्या खोलीत शुगर न तपासता बसायचो. पंधरा ते अठरा ह्या वयात मी इन्शुलिन चुकवत होतो. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) अकरा, म्हणजे फारच वर. डॉक्टर म्हणायचे बंडखोरी. मला वाटतं, जिनं सगळं सोडलंय तिच्यासमोर रोज चांगला आकडा आणून दाखवायचा, हे मला झेपत नव्हतं. प्रगतिपुस्तक वर्षातून चारदा असतं, हे दिवसातून सहादा.

ह्याचा अर्थ सोडू नका असा नाही. आई घरी होती म्हणून मी एकदा झोपेत साखर उतरून लो झालो आणि वाचलोय, तेही खरं. फक्त तिचं स्वतःचं असं काहीतरी राहायला हवं होतं. पुढे तिनं आमच्याच गल्लीत अल्पबचतीची एजन्सी घेतली, तेव्हा ती पुन्हा माणसांत आली आणि माझा एचबीएवनसी आठवर. योगायोग असेलही.

जाता जाता: साडेसहा वर्षांची मुलगी पेनवर युनिटांचा आकडा फिरवू शकते. टोचणं नको, पण आकडा तिला लावू द्या, मोठ्या कोणीतरी बघावा.

दुपारची_झोप

...

(काही लिहिता आलं नाही म्हणून.)

अडाणी_इंजिनियर

@जुनं खोड, बहिणीला फोन केला मघाशी. "समाधानी आहेस ना" विचारलं. म्हणाली, "आज काय झालं तुला?" एवढंच सांगतो.

एकटी_सडाफटिंग

शाळेबद्दल: राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना लिहिलंय की टाइप वनच्या मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळचं खाऊ द्यावं. केंद्रीय मंडळानं (सीबीएसई) दहावी-बारावीच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं न्यायची परवानगी २०१७ मध्येच दिली. आयोगाचं पत्र घेऊन मुख्याध्यापिकांना भेटा. भांडायला नको, चहाला जा. "तुम्ही टोचा" म्हणू नका, "आम्ही टोचतो, तुम्ही जागा आणि एक साक्षीदार द्या" म्हणा.

पारिजात_७

सगळ्यांना एकेक उत्तर देता आलं नाही, माफ करा. तीन आठवडे झाले, काय घडलं ते लिहिते.

रात्रपाळींचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. फोन हातात घेऊन बाल्कनीत गेला तो अर्ध्या तासानं आत आला. त्या शनिवार-रविवारी मी आईकडे नाशिकला गेले, मुद्दाम. शनिवारी त्याचे अकरा फोन आले, रविवारी दोन. रात्री मुलगी ६१ झाली होती हे मला सोमवारी कळलं. त्यानं निस्तरलं होतं. मी आधी भांडले की मला का नाही सांगितलंस. मग लक्षात आलं की मला हेच तर हवं होतं.

त्यानं कायमची दुसरी पाळी मागून घेतली, तीनला सुरू होणारी. कोणालाच नको असते, लगेच मिळाली. आता १२:१० ला शाळेच्या फाटकावर तो असतो, तिथून थेट चाकण. मी मंगळवार, गुरुवार ऑफिसला, तिसरा दिवस अजून माफ झालेला नाही, "तूर्त बघू" असं उत्तर आहे. १२ ते १ कॅलेंडर सगळ्यांनाच बंद दिसतं. एका सहकाऱ्यानं विचारलं, जिम का?

नवरा रात्री बाराला येतो, मी सहाला उठते. आमचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठीवर चालतं. आकडे, युनिटं आणि "दूध आण".

शाळेत चहाला गेले. मुख्याध्यापिका बाईंनी पत्र वाचलं, "बघू" म्हणाल्या. पण ऑफिसबाहेर बसणाऱ्या शिपाई मावशींच्या नवऱ्याला शुगर आहे, त्या त्याला रोज टोचतात. त्या स्वतःहून म्हणाल्या, "मी बघते आकडा, पोरगी लावेल." अधिकृत काही नाही. मावशी रजेवर गेल्या की पुन्हा फाटक.

उनाड_वासरू

मावशी झिंदाबाद. (म्युनिकच्या नाही, शाळेतल्या. बरं, दोन्ही.)

चहाबाज

मग नोकरी?

पारिजात_७

दोघांच्याही आहेत. त्याची पाळी कधी बदलली तर पुन्हा इथेच येईन.

पोळपाट_लाटणं

पुरणपोळीचं राहिलंच.

जुनं_खोड_टाइपवन

खा. युनिटं डॉक्टर सांगतील. तूप घातलं तर साखर उशिरा चढते, म्हणून दोन तासांनी बघून "वा, काही झालं नाही" म्हणू नका, चार तासांनीही टोचा. मी एकदा होळीला फसलोय.